घटक ५ : नाट्यप्रयोगातील ध्वनी – इफेक्ट्स प्रोसेसरची निवड

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• प्रतिध्वनी व अनुरणन यांतील फरक सांगता येईल.
• अनुरणनाचा शब्दांच्या स्पष्टतेवर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल.
• प्रयोगासाठी इफेक्ट्स प्रोसेसर निवडण्याचे निकष मांडता येतील.

५.२ प्रास्ताविक

१८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवण्याची जबाबदारी नटाच्या गळ्यावर होती. आज ती माइक, मिक्सर आणि स्पीकर यांच्यात वाटली गेली आहे. माइकने जवळून टिपलेला आवाज स्वच्छ, पण कोरडा असतो. त्याला गाभाऱ्याचा, दरीचा किंवा राजसभेचा भास देण्याचे काम इफेक्ट्स प्रोसेसर करतो. हा भास निर्माण होताना संवाद हरवू नये, हीच निवडीची मुख्य कसोटी होय.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ प्रतिध्वनी व अनुरणन

मूळ ध्वनीपासून वेगळा ओळखू येणारा परावर्तित ध्वनी म्हणजे प्रतिध्वनी. असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळून ध्वनी हळूहळू विरत जातो, त्यास अनुरणन म्हणतात. १९५७ मध्ये ‘ईएमटी १४०’ या जर्मन यंत्रात मोठा पोलादी पत्रा कंपित करून कृत्रिम अनुरणन मिळवले जाई. १९७६ मधील ‘ईएमटी २५०’ने तेच काम अंकीय पद्धतीने केले. आजचा प्रोसेसर सहज उचलून नेता येतो.

५.३.२ अनुरणन आणि शब्द

उच्चारात स्वर जोरकस व दीर्घ असतात. क्, त्, प् यांसारखी स्पर्शव्यंजने क्षणिक व क्षीण असतात. अनुरणन लांबले की आधीच्या स्वराचा अवशेष पुढील व्यंजनावर पसरतो. ‘ती काडी मोडली’ आणि ‘ती गाडी मोडली’ या वाक्यांतील अर्थभेद एका व्यंजनाच्या घोषत्वावर अवलंबून आहे. तो भेद झाकला गेला, तर प्रेक्षकाला केवळ आवाज मिळतो, अर्थ मिळत नाही. पदातील संथ आलापाला दीर्घ अनुरणन शोभते. द्रुत तानेत मात्र स्वर एकमेकांवर चढतात.

५.३.३ निवडीचे निकष

१) गरज : अनेक डिजिटल मिक्सरमध्ये इफेक्ट्स अंतर्भूत असतात. ते पुरेसे असतील, तर स्वतंत्र यंत्राचा खर्च करू नये.

२) जोडणी : मिक्सरमधून आवाजाचा एक भाग प्रोसेसरकडे पाठवून परत घेताना यंत्रातून केवळ परिणामयुक्त ध्वनी यावा. कोरडा आवाजही किंचित उशिराने परतला, तर तो मूळ आवाजात मिसळून पोत बिघडवतो.

३) विलंब : अंकीय प्रक्रियेला काही मिलिसेकंद लागतात. एका मिलिसेकंदात ध्वनी हवेतून सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. अनुरणनापूर्वी एवढा अवधी गेल्यास बाधत नाही. उलट शब्द मोकळा राहतो. परंतु संपूर्ण आवाजच यंत्रातून जाणार असेल, तर विलंब अत्यल्प हवा. अन्यथा नटाला मॉनिटरमधून स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो.

४) नियंत्रण : अनुरणनाचा कालावधी, आरंभीचा विलंब आणि खालच्या कंप्रतांची छाटणी यांवर थेट ताबा हवा. गाभाऱ्याच्या प्रवेशानंतर अंगणाचा प्रवेश येतो, तेव्हा दोन वाक्यांमधल्या अवधीत परिणाम बंद करावा लागतो. म्हणून अंधारातही हाताला सापडणारे बटण शेकडो तयार परिणामांपेक्षा मोलाचे ठरते.

५) विश्वासार्हता : वीज खंडित होऊन परतल्यावर यंत्राने आधीची मांडणी राखली पाहिजे.

५.३.४ चाचणी

यंत्र गाण्यावर पारखण्याआधी संवादावर पारखावे आणि शेवटच्या रांगेत बसून ऐकावे. प्रेक्षक ध्वनी शोषून घेतात. त्यामुळे रिकाम्या नाट्यगृहातील अनुरणन भरलेल्या नाट्यगृहापेक्षा अधिक भासते. सभागृह मुळातच घुमत असेल, तर कृत्रिम अनुरणन जवळजवळ शून्यावर आणावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘काडी–गाडी’सारख्या शब्दांच्या तीन जोड्या शोधा. त्या मोठ्या खोलीत उच्चारून दुसऱ्या टोकाला बसलेल्या सहाध्यायाला ओळखण्यास सांगा.

५.४ सारांश

इफेक्ट्स प्रोसेसर अवकाशाचा भास देतो. पण रंगभूमीवर अर्थ शब्द वाहून नेतो. म्हणून गरज, जोडणी, विलंब, नियंत्रण व विश्वासार्हता हे निकष ‘शब्द कळतो का?’ या प्रश्नाच्या आधारे लावावेत.

५.५ सरावासाठी प्रश्न

१) अनुरणनामुळे व्यंजने अस्पष्ट का होतात, ते सोदाहरण लिहा.
२) पाहिलेल्या एखाद्या नाटकातील दोन प्रवेशांसाठी ध्वनिपरिणाम सुचवा व त्यांचे समर्थन करा.