जर्मनीचा अर्ज आणि आपला सीजीपीए

आपल्याकडे १० म्हणजे अव्वल. जर्मनीत उलटं! तिथे १ अव्वल आणि ४ म्हणजे काठावर पास. म्हणून तिथली बरीच विद्यापीठं ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात:

जर्मन ग्रेड = १ + ३ × (कमाल − मिळालेला) ÷ (कमाल − किमान पास)

समजा, सीजीपीए ७.२ आहे. किमान पास ४ धरला तर २.८ ÷ ६, म्हणजे ग्रेड २.४. किमान ५ धरला तर तीच ग्रेड २.६८! काही मास्टर्स कोर्सेसना २.५ ची मर्यादा असते, म्हणजे अर्ज बादच. तेव्हा हा आकडा अंदाजाने टाकू नका. ट्रान्सक्रिप्टच्या मागे बघा. नसेल तर परीक्षा विभागाकडून लेखी घ्या, आणि तेही सुट्टी लागायच्या आत!