अंगणातील फुलवेली आणि शिंजीर



अंगणात फुलांवर भिरभिरणाऱ्या चिमुकल्या चकचकीत पक्ष्याला हल्ली पुष्कळ लोक 'हमिंगबर्ड' म्हणू लागले आहेत. मुले शाळेतून तेच नाव घेऊन येतात. पण हमिंगबर्ड आपल्याकडे मुळीच नाही. त्याच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि त्या सर्व फक्त उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत राहतात. आपल्या अंगणात येतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. दोघेही फुलांतला मध पितात, दोघांची चोच लांब व बाकदार किंवा सुईसारखी, दोघांच्या अंगावर उन्हात रंग झळकतात. त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. पण नाते म्हणाल तर हमिंगबर्डची भावकी आपल्या पाकोळ्यांशी, आणि शिंजिराची फुलटोच्याशी. एकाच धंद्यात पडलेल्या दोन परक्या माणसांची अवजारे सारखी दिसावीत, तसा हा प्रकार आहे.

ओळखण्याची सोपी खूण सांगतो. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो आणि मागेही उडू शकतो. शिंजीर क्वचित क्षणभर फडफडत राहतो खरा, पण त्याला देठावर नाहीतर फांदीवर बसून प्यायला आवडते. वेली लावताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याला बसायला आधार मिळेल अशी वेल त्याला जास्त मानवते.

गंमत अशी की हमिंगबर्ड इकडे आला नाही, पण त्याच्या वेली आल्या. जानेवारीत कुंपणावर नारिंगी फुलांचे घोस ओतणारी संक्रांतवेल मूळची ब्राझील व आसपासच्या प्रदेशातली. तिकडे तिच्या लांब नळीसारख्या फुलांचे परागण हमिंगबर्ड करतात. पावसाळ्यात बारीक पानांतून लाल चांदण्यांसारखी फुले काढणारी गणेशवेल हीदेखील अमेरिकेतलीच. नावे मात्र आपण त्यांना इतकी घरची दिली आहेत की त्या परक्या आहेत हे कोणाला खरे वाटणार नाही. इकडे आल्यावर संक्रांतवेलीला शिंजिराने आपलेसे केले. तिच्या बहरात थंडीच्या सकाळी ऊन वर आले की नर-मादी दोघे घोसाघोसावर दिसतात.

आपल्या बेळगाव, खानापूर, चंदगड, गोवा ह्या पट्ट्यात शिंजिराच्या चार-पाच जाती सापडतात. अंगणात नेहमी येणारे दोन. एक जांभळा शिंजीर. विणीच्या हंगामात त्याचा नर दुरून अगदी काळा दिसतो व उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. हंगाम सरल्यावर त्याची ही झळाळी जाते, तो मादीसारखा पिवळट-करडा होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. पुष्कळांना वाटते हा निराळाच पक्षी आला. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदऱ्याकडे राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या बागेत हाच असतो. दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर, पोट पिवळे, गळा जांभळा. त्याचा नर वर्षभर तसाच राहतो. वजन दोघांचेही दहा ग्रॅमच्या आतबाहेर. सह्याद्रीच्या कुशीत ज्यांची घरे आहेत त्यांना आणखी एक छोटा, लाल पाठीचा शिंजीर दिसेल. तो पश्चिम घाटाखेरीज जगात कुठेही नाही.

आता वेलींकडे वळू. जागा एकाच वेलीपुरती असेल तर आम्ही मधुमालती सुचवू. संध्याकाळी फूल उमलते ते पांढरे, मग गुलाबी, मग लाल. पांढऱ्या फुलाच्या वासाने रात्री पतंग येतात आणि दिवसा रंगलेल्या फुलांवर मधमाश्या, फुलपाखरे व शिंजीर. म्हणजे एकाच वेलीवर दोन पाळ्यांत कामगार. मुळाशी फुटणारे धुमारे मातीसकट काढून पावसाच्या तोंडाशी लावले की हमखास जगतात. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि पाणी न साचणारी जागा एवढे तिला पुरे. मात्र ती दांडगी आहे. तिच्या जुन्या देठांचे बुडखे काट्यासारखे टणक होतात आणि त्यांच्या आधाराने ती झाडावर, कौलांवर चढत जाते. कौलारू घरावर ती कधीही सोडू नये. कौले उचलली जातात, पन्हळीत पाला साचतो, उंदीर घर करतात आणि उंदरामागे साप येतो. आंब्यावर किंवा काजूवरही चढू देऊ नये. घराच्या भिंतीपासून हात-दोन हात दूर स्वतंत्र मांडव द्यावा. नुसत्या बांबूचा मांडव दोन पावसाळ्यांत बसतो. खांब दगडी किंवा सिमेंटचे घ्यावेत, वर जाड तार ओढावी व आडव्याला पोफळीच्या चिरफळ्या टाकाव्यात. चिरफळ्या कुजल्या तरी बदलणे सोपे जाते.

मांडव उंच असेल तर म्हैसुरी थनबर्जिया लावून पाहावी. ही आपल्याच दक्षिणेतल्या डोंगरांची वेल. पिवळ्या व तांबूस-तपकिरी फुलांच्या लांब माळा मांडवाखाली हातभर लोंबतात आणि शिंजीर त्या माळेलाच बिलगून एकेक फूल वरून खाली तपासत जातो. पायाशी सावली व ओल आणि शेंड्याला ऊन, अशी जागा तिला हवी. फांदीचे तुकडे पावसाळ्यात लावले तर मुळे धरतात. संक्रांतवेल मात्र कोरड्या कुंपणावरही चालते. ती दाब कलमाने करावी. गणेशवेल बियांपासून येते, एका हंगामाची असते आणि तिच्यावर शिंजिरापेक्षा फुलपाखरेच जास्त. शेतकऱ्याने तिच्याबाबत सावध असावे. बी गळण्याआधी उपटली नाही तर पुढच्या वर्षी ती भाजीच्या वाफ्यात तण म्हणून उभी राहते. बोगनवेलीविषयी काही वाचक विचारतात. तिचा रंग पानांचा; खरे फूल आत इवलेसे. शोभेला आणि कुंपणाला ती चांगली, पण शिंजिरासाठी म्हणून लावू नये.

शिंजीर प्रत्येक फुलाशी प्रामाणिक असतो असेही नाही. नळी फार लांब असली किंवा जास्वंदीसारखे फूल मोठे असले तर तो बुडाशी चिरा पाडतो आणि बाहेरूनच मध ओढून घेतो. परागणाचे काम न करता मजुरी उचलण्याचाच हा प्रकार. तरी आम्ही त्याला माफ करतो, आणि त्याचे कारण त्याच्या घरट्यात आहे.

शिंजिराची पिल्ले मधावर वाढत नाहीत. मोठा पक्षी मध पितो, पण पिल्लांच्या चोचीत पडतात ते कोळी, बारीक अळ्या, माश्या, चिलटे. मादी अंडी घालते ती बहुधा दोन. पंधरवडाभर उबवणे आणि पुढे सुमारे तितकेच दिवस पिल्लांना भरवणे, एवढ्या काळात सकाळपासून संध्याकाळपर्यंत परसातले किडे वेचण्याचे काम चालू असते. ज्या परसात किडाच नाही तिथे फुले कितीही असोत, पिल्ले जगणार नाहीत. आणि ज्या परसात किडा आहे पण तो विषाने माखलेला आहे, तिथे तेच विष आई आपल्या हाताने, म्हणजे चोचीने, पिल्लांना भरवते.

ह्या ठिकाणी आम्हाला थोडे स्पष्ट बोलावे लागेल. शेतात उरलेले औषध घरच्या कुंड्यांना आणि वेलींना घालण्याची सवय आपल्याकडे फार आहे. डब्यात तळाशी राहिले, टाकायचे कशाला, म्हणून गुलाबावर आणि मधुमालतीवर मारतात. कुंडीत फोरेटचे दाणे टाकणारी घरेही आहेत. गावात त्याला थिमेट म्हणतात. आपल्या देशात फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. कुठे जुना साठा असेल तर तो मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नये, कृषी खात्याच्या माणसाला विचारून त्याची विल्हेवाट लावावी. अशी अंतरप्रवाही विषे मुळातून शोषली जाऊन सबंध झाडात चढतात. इमिडाक्लोप्रिडसारखे औषध तर मधात आणि परागातही उतरते. पानावर काही दिसत नाही, वास येत नाही, आणि फूल मात्र विषाची वाटी झालेले असते. त्याच वेलीखाली आपली मुले खेळतात, तिथेच वाळवण घातले जाते आणि शेजारच्या आळूची पाने आपण पातवड्यांना तोडतो.

काजूवाल्यांना अधिक सांगायला नको. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले, त्यानंतर तिथल्या गावांतून व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या व आजारांच्या कहाण्या देशभर पोचल्या आणि शेवटी २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर देशभर बंदी घातली.

घरच्या वेलीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण पडला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. अर्धा मावा त्यानेच जातो. न गेल्यास एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड घेऊन रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, चिमूटभर साबण घालावा आणि संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. उमललेल्या फुलांवर हेही मारू नये. वेलीवर मुंग्यांची रांग दिसली तर मावा आहे असे समजावे. त्या त्याच्या मागेच येतात.

शिंजिराच्या खात्यावर एक नावे रक्कमही आहे, ती लपवणे बरोबर होणार नाही. आंब्याच्या फांद्या सुकवणारे बांडगूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या नळीदार फुलांचे परागण मुख्यतः शिंजीर करतो. पुढे फळ पिकले की फुलटोच्या ते गिळतो आणि थोड्याच वेळात चिकट बी फांदीवर पुसून जातो. तिथेच ते रुजते. पक्षितज्ज्ञ सालिम अली ह्यांनी कोकणात ह्याचा बारकाईने अभ्यास करून १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. ह्यावरून कोणी मुलांच्या हाती बेचकी देईल म्हणून सांगतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ह्या पक्ष्यांना मारणे गुन्हा आहे, आणि त्याने बांडगूळही कमी होत नाही. इलाज कोयत्याचा आहे. बांडगूळ फुलोऱ्यावर असतानाच, फळ पिकण्याच्या आत, ते जिथे फांदीत घुसले आहे त्याच्या फूटभर खालून फांदी कापावी. नुसते बांडगूळ ओरबाडले तर ते पुन्हा फुटते. आणि हे सर्व वाडीने मिळून करावे. शेजाऱ्याच्या आंब्यावर बांडगूळ राहिले तर आपली मेहनत दोन वर्षे टिकते.

छाटणीच्या वेळेकडे विशेष लक्ष द्यावे. शिंजिराची वीण मुख्यतः फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत, म्हणजे उपवासकाळापासून पावसाच्या तोंडापर्यंत, जोरात असते. घरटे म्हणजे लोंबणारी थैली. कोळ्याच्या जाळ्याने गवत, सालपटे, अळीची विष्ठा जोडून मादी ते बांधते आणि दारावर पडवीसारखे छप्पर काढते. लांबून पाहिले तर वाऱ्याने अडकलेला कचराच वाटतो. त्यामुळे पास्काच्या सणाची साफसफाई करताना पुष्कळ घरटी झाडूने जातात. मधुमालतीची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकावी. संक्रांतवेल मात्र तेव्हा कापली तर त्या वर्षीची फुले गेलीच. तिची छाटणी फुले संपल्याबरोबर फेब्रुवारीत करावी, पण कात्री लावण्यापूर्वी वेल हाताने बाजूला सारून आत पाहावे. घरटे दिसले तर तेवढी फांदी महिनाभर राहू द्यावी. ह्याच दिवसांत नर खिडकीच्या काचेत किंवा मोटारसायकलच्या आरशात आपलेच रूप पाहून तासन्‌तास टोचत बसतो. आरशावर जुना मोजा चढवावा, तंटा मिटतो.

साखरेचे पाणी टांगावे का, असेही विचारले जाते. अमेरिकेत हमिंगबर्डसाठी तशी रीत आहे. तिथे चार भाग पाण्यात एक भाग साखर घालतात व दर दोन-तीन दिवसांनी बाटली धुऊन पाणी बदलतात, नाहीतर ते आंबते व त्यात बुरशी धरते. आपल्याकडे त्याने मुंग्या तेवढ्या जमतील. त्याऐवजी उन्हाळ्यात संध्याकाळी वेलीवर पाणी शिंपडावे. ओल्या पानांवर शिंजीर अंग घासून आंघोळ करतो. पक्ष्यांसाठी ठेवलेली भांडी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र आठवड्यातून एकदा तरी उपड्या करून घासाव्यात. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो.

रानातून वेली आणणाऱ्यांनी दोन नावे लक्षात ठेवावीत. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी दिसायला अप्रतिम, पण तिचा कंद अतिशय विषारी असून रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावलेली आहेत. गुंजेची लाल-काळी बी मुले तोंडात घालतात. चावली गेली तर तीही जीवघेणी. लहान मुले व गुरे असलेल्या घरी ह्या दोन्ही वेली लावू नयेत. सां जांवच्या कोपेलात गुंफायलाही ओळखीचीच फुले-पाने घ्यावीत. मुलाच्या पोटात काही गेल्याचा संशय आला तर घरगुती उपाय करत न बसता त्या वेलीचा तुकडा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

मधुमालतीचे धुमारे मृगाच्या पहिल्या दोन पावसांनंतर काढावेत. ज्यांच्याकडे जुनी वेल आहे त्यांनी ते उपटून टाकण्याऐवजी ओल्या गोणपाटात गुंडाळून रविवारी मिस्साला येताना बरोबर आणावेत. ज्यांना हवे आहेत ते घेऊन जातील.