दोन ताग्यांमधली ओढ

झाडावरची चिंच खाली पडते, कारण पृथ्वी तिला ओढते. पण न्यूटन यांनी १६८७ साली याहून मोठी गोष्ट सांगितली. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते! मग आपल्या निजामपुऱ्यात शेजारी शेजारी ठेवलेले कापडाचे दोन तागे सरकत जाऊन एकमेकांना का चिकटत नाहीत?

चला, हिशोब करू. दहा-दहा किलोचे दोन तागे एक मीटर अंतरावर ठेवले. त्यांच्यात ओढ आहेच, पण किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा. त्यातल्या एका भागाचा जेवढा भार, त्याहूनही ती कमी! उलट पृथ्वी त्याच ताग्याला दहा किलोच्या भाराने खाली ओढते. म्हणजे सुमारे दीड हजार कोटी पट जास्त. शिवाय जमिनीचे घर्षण असते. तागा सरकवताना आपल्यालाही जोर लावावा लागतो, तिथे त्या इवल्याशा ओढीचे काय चालणार?

मग ही ओढ खरी कशावरून? इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली ती मोजून दाखवली. त्यांनी बारीक तारेने एक लाकडी दांडी आडवी टांगली. तिच्या दोन्ही टोकांना शिशाचे लहान गोळे लावले. जवळ सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे आणले, तशी दांडी किंचित फिरली. वाऱ्याने ती हलू नये म्हणून खोली बंद ठेवली आणि स्वतः बाहेरून दुर्बिणीतून पाहिले. या मोजणीवरून पृथ्वी पाण्याच्या सुमारे साडेपाच पट घन आहे, हे कळले.

आता तुम्ही एक प्रयोग करा. कोरड्या केसांवर कंगवा घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरा. कपटे टुणकन वर उडतात. खाली अख्खी पृथ्वी ओढत असताना एक कंगवा जिंकतो! ही विजेची ओढ. गुरुत्वाकर्षण तिच्यापुढे फारच दुबळे आहे.

मग पृथ्वीची ओढ एवढी का जाणवते? वीज ओढते तशी ढकलतेही, त्यामुळे मोठ्या वस्तूत तिची वजाबाकी होते. गुरुत्वाकर्षण फक्त ओढते, त्याची नुसती बेरीजच होत जाते. चंद्रसुद्धा असाच मोठा, म्हणून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरून तो आपल्या भिवंडीच्या खाडीला भरती आणतो.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तसेच हे. एका ढेकळाची ओढ कळत नाही, पण सगळी ढेकळे मिळून पृथ्वी होते आणि आपल्याला जमिनीवर धरून ठेवते.