पंखांचा स्वर

रात्री दिवा मालवून अंथरुणाला पाठ टेकावी आणि कानाशी बारीक सूर उमटावा, हा अनुभव कोणाला नाही? तो आवाज डासाच्या तोंडातून निघतो, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः डासाला कंठच नाही. तो सूर पंखांचा. काटेकोरपणे बोलायचे तर पंखांनी ढवळलेल्या हवेचा.

पंख हवेला रेटतो तेव्हा त्याच्या एका बाजूस हवेचा दाब वाढतो, दुसऱ्या बाजूस घटतो. प्रत्येक फेरीसरशी होणारा हा चढउतार लहरींच्या रूपाने सभोवार पसरतो. फुलपाखरू सेकंदाला साधारण दहा वेळा पंख हलवते. माणसाच्या कानाला सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपने ऐकू येत नाहीत, म्हणून फुलपाखरू आपल्या लेखी मुके! मधमाशीची कंपने दोनशेच्या वर जातात, डासाची चारशे ते आठशेपर्यंत. असे का? मधमाशीचा पंख सुमारे ९० अंशांत फिरतो, डासाचा जेमतेम ४०. इतक्या आखूड फेरीत शरीराचा भार पेलायचा, तर पंख अतिशय जलद हलवणे भागच आहे.

कीटकाचा पंख पत्र्यासारखा ताठ नसतो. पुढच्या कडेला जाड शिरांचा आधार आणि मागे पातळ, लवचीक पापुद्रा, अशी त्याची घडण असते. फेरी उलटताना मागची कड किंचित मागे रेंगाळते, पंख पिळतो, वाकतो. त्यामुळे दाबाचा चढउतार साधा राहत नाही आणि तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे मूळ स्वरात दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वर मिसळतात. (घुबडाने मात्र उलट साधले आहे. पिसांच्या पुढच्या कडेवरील दाते, मागची मऊ झालर आणि मखमली पृष्ठभाग यांमुळे त्याचे उड्डाण जवळजवळ निःशब्द होते. उंदराला चाहूल लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.)

डासांच्या दृष्टीने हा सूर निरर्थक नाही. नराच्या शृंगिका केसाळ असतात. १८७४ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांनी नादकाटा वाजवून त्या केसांचे थरथरणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. नर मादीला तिच्या सुरावरून ओळखतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासांत तर याहून विलक्षण गोष्ट घडते. मादीची कंपने साधारण चारशे, नराची सहाशे. परंतु चारशेची तिप्पट बाराशे आणि सहाशेची दुप्पटही बाराशेच! २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की जवळ आल्यावर नर-मादी पंखांची गती किंचित बदलून हा बाराशेचा स्वर परस्परांशी जुळवून घेतात, दोन तंबोरे लावावेत तसा.

आपल्या कानाशी मात्र मादी येते ती उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडच्या आणि देहाच्या उष्णतेच्या मागावर, रक्तासाठी. तिचा सूर ऐकणारा नर खोलीत दुसरीकडे कोठेतरी असतो.