सीमेवरचा किल्ला आणि भिंतीतील शिलालेख

मुंबईत धारावी येथे, मिठी नदीच्या दक्षिणेस, दाट वस्तीने वेढलेली काळ्या दगडांची एक जुनी वास्तू उभी आहे. तिचे नाव रिवा किल्ला. लोक तिला काळा किल्ला म्हणतात. तिच्या भिंतीत बसविलेल्या शिलेवर इंग्रजी लेख कोरलेला आहे. मुंबईचे गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या आज्ञेने १७३७ मध्ये हा किल्ला बांधण्यात आला, असा त्याचा आशय आहे. किल्ला कोणी व केव्हा बांधला, हे या शिलेवरून कळते. कशासाठी बांधला, हे मात्र कळत नाही. त्याचे उत्तर त्या सालात शोधावे लागते.

१७३७ सालचे महत्त्व

मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. खाडीपलीकडील साष्टी पोर्तुगीजांकडे होती. त्यामुळे बेटाची उत्तर बाजू ही दोन परकीय सत्तांची सीमा ठरली. गव्हर्नर जेरॉल्ड ऑन्जियर यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १६६९ ते १६७७ या काळात, शीवच्या टेकडीवर किल्ला बांधला गेला, तो याच सीमेवर. शीव या मराठी शब्दाचा अर्थच मुळी सीमा असा आहे.

१७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी उत्तर कोकणात मोहीम उघडली. त्याच वर्षी ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या हाती आली, व मे १७३९ मध्ये वसईही पडली. खाडीच्या पलीकडे आता मराठी फौज उभी होती. रिवा किल्ल्याच्या शिलेवरील साल या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. त्या लेखात मराठ्यांचे नाव कोठेही नाही. परंतु त्यांच्या पराक्रमाचा धाक त्या भिंतींत उमटलेला आहे. वसई पडल्यानंतर कंपनीने कॅप्टन इंचबर्ड यांस बोलणी करण्यासाठी पाठविले आणि १७३९ मध्येच मराठ्यांशी तह केला.

पुढे १७७४ च्या अखेरीस कंपनीने ठाणे जिंकले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी तिच्याकडेच राहिली. सीमा पुढे सरकली आणि या किल्ल्याचे लष्करी प्रयोजन संपले.

फलक कसा असावा?

शिलालेख हा सत्ताधाऱ्याचा शब्द असतो. तो खोटा असतो असे नव्हे. पण तो अपुरा असतो. म्हणून अशा वास्तूंपाशी रस्त्याच्या कडेला मराठी माहितीफलक लावताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

(१) वास्तू कोणी, केव्हा व कोणाच्या भीतीने बांधली, हे मोजक्या शब्दांत सांगावे.

(२) मूळ शिलालेखाचा सरळ मराठी अनुवाद द्यावा व त्यात पदरची भर घालू नये.

(३) दंतकथा द्यावयाची असल्यास ती दंतकथा म्हणूनच द्यावी.

(४) फलक स्वतंत्र खांबावर उभारावा. जुन्या भिंतीत खिळे ठोकू नयेत, शिलालेखावर रंग अथवा चुना लावू नये.

(५) वास्तू संरक्षित असल्यास १९५८ चा केंद्रीय किंवा १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकविषयक कायदा लागू होतो. अशा ठिकाणी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून कोणतेही काम करू नये.

शिक्षकांना अशा ठिकाणी इतिहासाचा एक उत्तम पाठ घेता येईल. विद्यार्थ्यांना शिलेवरील साल उतरवून घेण्यास सांगावे. मग नकाशावर मुंबई, साष्टी, ठाणे व वसई दाखवून, त्या साली या चार ठिकाणी कोणाची सत्ता होती, हे विचारावे. किल्ला तेथे का उभा राहिला, हे मुले आपणच सांगतील.

गावोगावी अशा शिला आहेत. काही देवळाच्या पायरीला लागल्या आहेत, काही मातीखाली गेल्या आहेत. पंचायतींनी त्यांची नोंद ठेवली आणि शाळांनी त्यांचे वाचन केले, तर या दगडांतील इतिहास पुढील पिढीस कळेल. शिला एकदा फुटली की तिच्यावरील अक्षर परत मिळत नाही.