वाटेवरचे दगडी कीर्तन



कीर्तन म्हटले की डोळ्यांपुढे वीणा, टाळ, मृदंग आणि नारदाची गादी येते. पण या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे. कीर्ती टिकावी म्हणून जे बांधले किंवा कोरले, त्यालाही पूर्वी ‘कीर्तन’ म्हणत. बडोद्यास राष्ट्रकूटांचा शके ७३४ चा, म्हणजे इ. स. ८१२ च्या सुमाराचा ताम्रपट सापडला. त्यात वेरूळच्या कैलास लेण्याला हाच शब्द योजला आहे. म्हणजे एक कीर्तन मुखाचे, दुसरे दगडाचे. पहिले ऐकायला आपण दाटी करून बसतो. दुसरे वाटेच्या कडेला उभे असते, आणि आपण त्याच्याकडे न बघता पुढे जातो.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या मुलखाचाच विचार करा. एका अंगाला राजगड, दुसऱ्या अंगाला तोरणा. या मुलखाशी वारकऱ्यांचा काय संबंध, असे कुणी विचारील. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घडते ना? ती नीरा भोर तालुक्यात शिरगावी उगम पावते, आणि वेल्ह्याकडची कानंदी, गुंजवणी यांचे पाणी अखेर तिलाच मिळते. तेव्हा हा मुलूख आपल्याच वाटेवरचा आहे.

मावळात आणि देशावर गावोगाव देवळाशेजारी वीरगळ आढळतात. हा दगड खालून वर वाचायचा असतो. तळच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. तिथे गाई कोरल्या असतील तर तो गुरे सोडवताना पडला असे समजावे. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर ही कीर्ती राहो, एवढाच त्यांचा अर्थ. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा. बहुतेकांवर नाव नसते. नाव गेले, करणी तेवढी राहिली.

काही ठिकाणी नाव राहिले आहे. राजगडावर सईबाई राणीसाहेबांनी ५ सप्टेंबर १६५९ रोजी देह ठेवला, तेव्हा संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते. पद्मावती माचीवर त्यांची समाधी दाखवतात. भोरजवळ आंबवड्यास शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. १७०७ साली शाहूमहाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. सचिवांनी तर ताराबाईसाहेबांच्या पक्षाशी शपथ वाहिलेली. शपथ मोडवेना आणि धन्याच्या नातवावर शस्त्रही धरवेना; या पेचात त्यांनी प्राण दिला. एवढा प्रसंग त्या समाधीपाशी उभा आहे, आणि आपण तिथे फक्त सावली शोधतो!

आता एक सावधगिरीची गोष्ट. केळदजवळच्या मढे घाटाविषयी असे सांगतात की, ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले आणि त्यांचा देह याच वाटेने उमरठ्यास नेला, म्हणून हे नाव. पौराणिक अशा सांगीला ‘ऐतिह्य’ म्हणतात व तिला स्वतंत्र प्रमाण मानतात. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे तिचे शास्त्रातले ठरीव उदाहरण. नैयायिक विचारतात, पहिल्याने कुणी सांगितलं? ते कळेना, म्हणून ते तिला वेगळे प्रमाण मानीत नाहीत. आपण दोघांचाही मान राखावा. सांगी टाकू नये, पण फलकावर आणि कीर्तनातही ‘अशी परंपरा आहे’ हे तीन शब्द जरूर घालावेत. लेख तो लेख, सांगी ती सांगी. दोन्ही एकत्र कालवली की पुढची पिढी दोन्हीवरचा विश्वास सोडते.

पंढरीचेच बघा. पांडुरंगाच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे. यादव राजा रामदेवराव यांच्या कारकिर्दीतला, शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातला. देवळाला कुणी काय दान दिले, त्याची ती नोंद. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला पाठ घासली. भाव खरा, पण अक्षरे झिजली. ज्यांनी विठ्ठलाला दिले त्यांचीच नावे विठ्ठलाच्या भक्तांच्या पाठीने पुसावीत, हे बरं दिसतं का?

म्हणून दिंडीकऱ्यांना एवढीच विनंती. विसाव्याला थांबाल तिथला दगड, समाधी, फलक वाचा; ज्याला अक्षर येते त्याने चौघांना वाचून दाखवा. वीरगळाला शेंदूर, तेल, रंग लावू नका, त्यावर नारळ फोडू नका. रस्ता रुंद होताना दगड खडीत जात असेल तर गावच्या पाटलाला, ग्रामपंचायतीला तिथल्या तिथे सांगा. दगड एकदा फुटला की मागाहून अर्ज करून उपयोग नाही. आणि त्या गावी कीर्तन असेल तर उत्तररंगात एक दृष्टान्त त्याच गावच्या दगडाचा घ्या. श्रोते सकाळी उठून तो बघायला जातील.

रामकृष्णहरी.