विद्युत वाहन : एका विद्येची वाट

प्रस्तावना

हिरव्या नंबरप्लेटची वाहने आता भारतातील लहानमोठ्या गावांतही दिसू लागली आहेत. ती धूर सोडत नाहीत, फारसा आवाज करीत नाहीत आणि चालविण्यास सोपी असतात. परंतु जे चालविण्यास सोपे, ते घडविण्यासही सोपे असतेच असे नाही. या वाहनांची रचना, सुरक्षितता आणि सुधारणा यांचा सखोल अभ्यास पदव्युत्तर शिक्षणात केला जातो. हा अभ्यास कशाचा असतो, तो का आवश्यक आहे आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्या व्यक्तीलाही तेथवर कसे पोहोचता येते, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• विद्युत वाहनाची प्रमुख अंगे व त्यांचे कार्य सांगू शकाल;
• पदव्युत्तर अभ्यासाची गरज उदाहरणासह स्पष्ट करू शकाल;
• या शिक्षणापर्यंत जाणाऱ्या वेगवेगळ्या मार्गांची तुलना करू शकाल;
• स्वरसंधीचे काही शब्द ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. कल्पना जुनी, अडचणही जुनी

विजेवर चालणारी गाडी हा आजचा शोध आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियमचे कामीय जेनात्सी यांनी फ्रान्समध्ये विजेच्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला. रस्त्यावर धावणाऱ्या कोणत्याही गाडीने तोवर हा वेग गाठलेला नव्हता.

असे असूनही पुढील काळ पेट्रोलच्या गाड्यांचा ठरला. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा साठलेली असते. त्या काळच्या शिसे आणि आम्ल यांच्या बॅटरीत, तेवढ्याच वजनात, याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही ऊर्जा मावत नसे. शिवाय १९१२ मध्ये पेट्रोलच्या गाडीला विजेचा स्टार्टर मिळाला आणि हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याचे कष्ट संपले. विजेची गाडी मागे पडली ती मोटरच्या दोषामुळे नव्हे, तर बॅटरीच्या उणिवेमुळे. ही उणीव दूर होण्यास जवळजवळ शतक लागले.

२. ‘फार उशीर झाला’

ही उणीव दूर करणाऱ्यांपैकी एक होते जॉन गुडइनफ. त्यांचा जन्म १९२२ मध्ये झाला. लहानपणी त्यांना वाचन जमत नसे. अक्षरे ओळखण्यात येणाऱ्या या अडचणीला आज ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात. त्या काळी तिची फारशी कोणाला जाण नव्हती. तरीही त्यांनी गणिताची पदवी मिळविली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या सैन्यात हवामानतज्ज्ञ म्हणून काम केले. युद्ध संपल्यावर ते भौतिकशास्त्र शिकण्यासाठी शिकागो विद्यापीठात आले. तेव्हा त्यांचे वय चोवीसच्या आसपास होते. नाव नोंदविताना एका प्राध्यापकांनी त्यांना सुनावले की, या शास्त्रात ज्यांनी काही मोठे केले, त्यांनी ते या वयापर्यंत करून टाकलेले असते. आणि तुम्ही आता आरंभ करणार!

गुडइनफ यांनी आरंभ केला. १९५२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९८० मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम आणि कोबाल्ट यांचे ऑक्साइड बॅटरीच्या धन टोकासाठी वापरता येते हे दाखवून दिले. या पदार्थामुळे सुमारे ४ व्होल्टचा घट तयार करणे शक्य झाले. त्यापूर्वी स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमच्या घटाची दिशा दाखविली होती. पुढे १९८५ मध्ये जपानचे अकिरा योशिनो यांनी ऋण टोकासाठी कार्बनयुक्त पदार्थ वापरून तो अधिक सुरक्षित केला. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळविणारे ते पहिलेच. २०२३ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण केल्यानंतर, त्यांचे निधन झाले.

३. गाडीच्या आत

विद्युत वाहनाची तीन अंगे मुख्य आहेत : ऊर्जा साठविणारी बॅटरी, त्या ऊर्जेला योग्य रूप देणारा नियंत्रक आणि चाक फिरविणारी मोटर.

बॅटरी म्हणजे एकच वस्तू नव्हे; ती अनेक लहान घटांची जोडणी असते. एका घटाचा दाब साधारण ३.६ व्होल्ट धरला, तर १४ घट एकसर जोडल्यावर ५०.४ व्होल्ट मिळतात. मात्र सर्व घट तंतोतंत सारखे नसतात. एखादा लवकर भरतो, एखादा लवकर रिकामा होतो, एखादा इतरांपेक्षा अधिक तापतो. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतके, तसे एकसर जोडलेल्या घटांचे बळ सर्वांत दुबळ्या घटाइतके. म्हणून प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारी ‘बॅटरी व्यवस्थापन प्रणाली’ बसविलेली असते.

बॅटरीतून येणारा प्रवाह दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा असतो. आजच्या बहुतेक गाड्यांच्या मोटरला मात्र दिशा बदलणारा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. हे रूपांतर नियंत्रकातील इन्व्हर्टर करतो. चालकाने ब्रेक लावला की हीच मोटर जनित्राचे काम करू लागते आणि गाडीच्या गतीतील काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. पेट्रोलच्या गाडीत ती ऊर्जा ब्रेक तापण्यात वाया जाते.

यातील हिशेब शालेय गणिताचाच आहे. एका स्कूटरच्या बॅटरीत ३ किलोवॅट-तास, म्हणजे ३००० वॅट-तास ऊर्जा आहे आणि एका किलोमीटरला ३० वॅट-तास खर्च होतात, असे समजू. तर ती स्कूटर १०० किलोमीटर जाईल. मोटरला ३००० वॅट शक्ती हवी असेल, तर ५० व्होल्ट दाबाला ६० अँपिअर प्रवाह लागतो. १०० व्होल्टला ३० अँपिअर पुरतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेतील उष्णता एक-चतुर्थांश होते. मोठ्या गाड्यांत काहीशे व्होल्टची बॅटरी का वापरतात, याचे एक उत्तर या छोट्या सूत्रात आहे.

४. २०२२ चा धडा

२०२२ मध्ये भारतात विजेच्या दुचाकींना आगी लागण्याच्या अनेक घटना घडल्या. काही ठिकाणी घरात बॅटरी चार्ज होत असताना दुर्घटना झाली आणि माणसे मृत्युमुखी पडली. लिथियमचा घट अत्युष्ण झाला, की त्याच्या आतील रासायनिक क्रिया स्वतःच आणखी उष्णता निर्माण करतात. ती शेजारच्या घटाला तापविते आणि आग वेगाने पसरते.

या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू करण्यात आले. घट, व्यवस्थापन प्रणाली, चार्जर आणि एका घटाची उष्णता दुसऱ्याकडे पसरणे या सर्वांचा त्यांत विचार आहे. वाहनांच्या अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक महत्त्वाची संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात आहे. तिची स्थापना १९६६ मध्ये झाली.

या धड्याचा अर्थ स्पष्ट आहे. केवळ वीज जाणणाऱ्याला घटातील रसायन समजले नाही, केवळ रसायन जाणणाऱ्याला रस्त्यावरचे हादरे व उन्हाळा लक्षात आला नाही, तर त्याची किंमत तिसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. येथे अर्धवट ज्ञान पुरत नाही.

५. पदव्युत्तर अभ्यास

म्हणूनच या विषयाचा एम.टेक. अभ्यास अनेक शाखांना एकत्र आणतो. विद्युत यंत्रे, शक्ती इलेक्ट्रॉनिकी, बॅटरीचे रसायन, उष्णतेचे नियोजन, वाहनाची गतिकी, नियंत्रण प्रणाली, संगणकीय आज्ञावली आणि चार्जिंगची व्यवस्था हे त्याचे प्रमुख घटक होत. आयआयटी दिल्ली येथे ‘इलेक्ट्रिक मोबिलिटी’ या विषयात एम.टेक. करता येते. आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी या विषयाचा आंतरशाखीय द्विपदवी अभ्यासक्रम जाहीर केला. जेथे असा स्वतंत्र अभ्यासक्रम नाही, तेथेही विद्युत किंवा यंत्र अभियांत्रिकीत एम.टेक. करताना विद्युत वाहनावर प्रबंध लिहिता येतो.

हा अभ्यास सामान्यतः दोन वर्षांचा असतो. आरंभी वर्गातील व प्रयोगशाळेतील विषय असतात. नंतर विद्यार्थी एखादा प्रश्न निवडून त्यावर संशोधन करतो. कमी वेळात, पण घटाला इजा न करता बॅटरी कशी भरावी? दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांवाचून चांगली मोटर बनेल का? एप्रिल २०२५ मध्ये चीनने यांपैकी काही धातूंच्या व चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा हा प्रश्न भारतातील कारखान्यांपर्यंत येऊन ठेपला. प्रयोगशाळेतील प्रबंध आणि कारखान्यातील रोजगार यांच्यात असा जवळचा संबंध असतो.

६. तेथवर जाणाऱ्या वाटा

एम.टेक.च्या प्रवेशासाठी बहुतांश संस्था ‘गेट’ ही परीक्षा ग्राह्य धरतात. ती तीन तासांची व १०० गुणांची असते आणि तिचे गुणांकन तीन वर्षे ग्राह्य राहते. या परीक्षेला वयाची अट नाही.

दहावीनंतर ‘गेट’पर्यंत जाणारे मार्ग एकाहून अधिक आहेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन मुक्त विद्यालयातून बारावी केल्यास दोन वर्षे, अभियांत्रिकी पदवीची चार आणि एम.टेक.ची दोन, अशी एकूण आठ वर्षे लागतात. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला, तरी एकूण आठच वर्षे होतात. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करून पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाणाऱ्याला नऊ वर्षे लागतात. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावेत.

आठ-नऊ वर्षे हा काळ थोडा नाही. घरखर्च, नोकरी आणि मुलाबाळांची जबाबदारी सांभाळून तो प्रत्येकाला देता येईलच असे नाही. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. या वाटेवर मध्ये मध्ये मुक्काम आहेत आणि प्रत्येक मुक्कामावर काम आहे. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. गाडी दुरुस्त करणारे हात त्यातून तयार होतात. पदविकाधारक कारखान्यात जुळणी व चाचणीचे काम करतो. पदवीधर रचना करतो. आणि जे अद्याप कोणालाच नीट जमलेले नाही, ते शोधण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थी करतो.

आज जो दहावीच्या पुस्तकात विद्युत प्रवाहाचा धडा पुन्हा पहिल्यापासून वाचत आहे, तो याच वाटेच्या आरंभी उभा आहे. गुडइनफ यांना उशीर झाला असे सांगणाऱ्याचे गणित चुकले होते, हे लक्षात ठेवून त्याने पुढचे पान उलटावे.

शब्दार्थ

पदव्युत्तर – पदवीनंतरचे
घट – विद्युत सेल
एकसर जोडणी – एकामागून एक केलेली जोडणी
जनित्र – वीज निर्माण करणारे यंत्र
गतिकी – गती व बल यांचा अभ्यास करणारे शास्त्र
आंतरशाखीय – अनेक शाखांना जोडणारे
प्रबंध – संशोधनावर आधारित दीर्घ लेखन

पाठगत प्रश्न

योग्य शब्द लिहून रिकाम्या जागा भरा.
(१) विजेची गाडी मागे पडली ती __________ उणिवेमुळे.
(२) ब्रेक लावल्यावर मोटर __________ काम करते.
(३) प्रवाह निम्मा झाल्यास त्याच तारेतील उष्णता __________ होते.
(४) ‘गेट’ परीक्षेचे गुणांकन __________ वर्षे ग्राह्य राहते.

भाषाभ्यास

‘पदव्युत्तर’ हा शब्द ‘पदवी + उत्तर’ असा बनला आहे. ‘ई’पुढे ‘उ’ हा निराळा स्वर आल्यामुळे ‘ई’च्या जागी ‘य्’ आला. याच नियमाने अति + उष्ण = अत्युष्ण, प्रति + एक = प्रत्येक हे शब्द बनतात. ‘अत्यंत’ आणि ‘इत्यादी’ या शब्दांची फोड तुम्ही करून पाहा.

स्वाध्याय

१. ‘येथे अर्धवट ज्ञान पुरत नाही’ हे विधान २०२२ च्या घटनांच्या आधारे स्पष्ट करा.
२. जॉन गुडइनफ यांच्या जीवनातून प्रौढ विद्यार्थ्याने काय घ्यावे, ते आठ ते दहा ओळींत लिहा.
३. एका स्कूटरच्या बॅटरीत २४०० वॅट-तास ऊर्जा आहे आणि किलोमीटरला ३० वॅट-तास खर्च होतात. ती किती किलोमीटर जाईल?
४. तुमच्या सध्याच्या शिक्षणापासून पुढचा मुक्काम कोणता, तेथे पोहोचण्यास किती वर्षे लागतील आणि कोणत्या अडचणी येतील, याचा आराखडा स्वतःच्या शब्दांत लिहा.

उत्तरे (पाठगत प्रश्न)

(१) बॅटरीच्या (२) जनित्राचे (३) एक-चतुर्थांश (४) तीन